धागा: स्वतःचं कोलाज – चिकटवण्याआधीचं काम आणि चिकटवण्याचं काम

कातरण

नमस्कार मंडळी,

‘माझं कोलाज’ हा विषय शाळेत, शिबिरात, चित्रकलेच्या वर्गात सगळीकडे दिला जातो. हाती येतं ते बहुतेकदा एकाच साच्याचं: मधोमध स्वतःचा फोटो, भोवती आवडीच्या वस्तूंची कात्रणं, उरलेल्या जागेत फुलं. ती आवडीनिवडींची यादी झाली. तिच्यातून तोल, लय, विरोध, पोत यातलं काहीच हाताला लागत नाही. माझं म्हणणं असं की कोलाजमध्ये माणूस त्याच्या फोटोत कमी दिसतो. साहित्य कोणतं घेतलं, कशाशेजारी काय ठेवलं, किती जागा मोकळी सोडली, त्यात तो जास्त दिसतो. क्रमानं लिहितो, ज्यांचा ज्या कामात हात बसला आहे त्यांनी भर घालावी.

आधी मांडणीचं एकच तत्त्व निवडा (तोल, लय, विरोध, पोत, अवकाश यांपैकी). सगळी तत्त्वं एका कागदावर शिकायला गेलं की एकही नीट शिकून होत नाही. निवड विषयावरून करा. अर्धं आयुष्य गावात आणि अर्धं नागपूरच्या खोलीत जात असेल तर विरोध घ्या. कापसाची वेचणी, तेच वाकणं, त्याच ओळी, असा विषय असेल तर लय. दिवाळीनंतर रिकामं झालेलं घर दाखवायचं असेल तर अवकाश. म्हणजे कागदाचा मोठा भाग मोकळाच राहील आणि तो मोकळा ठेवायचं धाडस करावं लागेल. आजीची गोधडी असेल तर पोत.

आकार ११ × १५ इंच, म्हणजे चित्रकलेच्या मोठ्या ‘इंपीरियल’ कागदाचा पाव भाग. ए-४ वर हातानं फाडलेले तुकडे मावत नाहीत, मग सगळं कात्रीनं बारीक कापलं जातं आणि चित्र किरकोळ दिसतं. अर्धा इंपीरियल (१५ × २२) सुरुवातीला घेऊ नका, साहित्य पुरत नाही आणि शेवटी जागा भरायची म्हणून भरली जाते.

मग २ × ३ इंचाची तीन छोटी कच्ची चित्रं. पेन्सिलीनं काढायची नाहीत. फक्त काळा, करडा आणि पांढरा कागद फाडून करायची. एकाला दहा मिनिटं पुरतात. यात कुठली वस्तू काय आहे ते दिसत नाही, फक्त गडद-फिकट जागांची मांडणी दिसते, आणि तेच हवं आहे. तीन केल्यावर त्यातली सर्वांत वेगळी निवडा. पहिली जी होते ती जवळपास नेहमी मधोमध ठेवलेली असते.

साहित्य लागेल त्याच्या तिप्पट जमवा. त्याचे ढीग विषयावार लावू नका. गडद, मध्यम, फिकट असे तीनच ढीग करा. बैल आणि रात्रीचं आभाळ एकाच ढिगात आले तर चालतात. यानं हात वस्तूकडून छटेकडे, म्हणजे गडद-फिकटाकडे वळतो.

आता मांडणी, गोंद न लावता. तुकडे ठेवा, सरकवा, एकावर एक चढवा, मोबाइलवर फोटो काढा, पुन्हा हलवा. पंखा बंद ठेवायचा किंवा प्रत्येक तुकड्यावर चिंचोका, छोटा गोटा ठेवायचा. फ्रेंच चित्रकार मातिसनं म्हातारपणी रंगवलेले कागद कापून जी चित्रं केली, त्यातले तुकडे आधी टाचण्यांनी भिंतीवर लावले जात आणि ते पुनःपुन्हा हलवले जात, चिकटवणं शेवटी. तुम्हीही निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळी मांडणीचा फोटो उलटा करून बघा. उलट्या चित्रातही एक बाजू जड वाटत असेल तर तोल खरोखर चुकला आहे.

मांडणी पक्की झाली की प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीनं क्रमांक टाका, सर्वांत खालचा १. फोटो समोर ठेवा आणि १ पासून चिकटवत वर या. हे केलं नाही की गोंद हातात असताना मांडणी आठवत बसावं लागतं, आणि तिथेच बहुतेक कोलाजं बिघडतात.

मोहफूल

कातरण, चांगला धागा. छटांबद्दल भर घालते, कारण रंग बघून ढीग करताना डोळा फार फसतो. लाल आणि गडद हिरवा एकमेकांपासून फार वेगळे वाटतात म्हणून एक गडद आणि एक फिकट आहे असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात दोन्हींची छटा जवळपास सारखी निघते. तपासायला मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळा-पांढरा फिल्टर लावा आणि तिन्ही ढिगांचा फोटो काढा. चुकीच्या ढिगातला तुकडा लगेच ओळखू येतो. फिल्टर नसेल तर डोळे बारीक करून बघा.

एक सराव सगळ्यांनी करावा, खर्च शून्य. फक्त वर्तमानपत्र घ्या आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात पायऱ्या करा. कोरी कड ही पहिली. मग मोठ्या पण बारीक रेघांच्या अक्षरांचा मथळा, भोवतीच्या मोकळ्या जागेसकट, मग बातमीचा साधा मजकूर, मग जाहीर नोटिसा आणि निविदा (अक्षर बारीक आणि दाट, म्हणून त्यांचा करडा जास्त गडद असतो), मग फोटोतली सावली, मग जाड मथळ्याची अक्षरं जवळून कापलेली, आणि शेवटी जाहिरातीतली पूर्ण काळी पट्टी. प्रत्येक पायरी २ × ५ सेंमी. शेजारच्या दोन पायऱ्यांत डोळे बारीक करून फरक दिसला नाही तर एक तुकडा बदला.

आणि आपल्या लिपीचा फायदा घ्या. देवनागरी मजकुराला शिरोरेखा आहे, त्यामुळे दुरून तो आडव्या पट्ट्यांसारखा दिसतो. कागद आडवा फिरवला की त्याच पट्ट्या उभ्या होतात. नांगरटीच्या तासांसाठी (सरींसाठी) आडवा मजकूर, पावसासाठी उभा, उतारासाठी तिरका. एकही रेषा न काढता दिशा मिळते. इंग्रजी मजकुरात हा आडवा पट्टा इतका स्पष्ट नसतो. तो एकसारखा दाणेदार दिसतो, म्हणून जमिनीच्या पोतासाठी बरा.

तणस

विदर्भात कोलाज करायचं आणि फक्त मासिकं कापायची हे मला पटत नाही. १९१२ मध्ये पिकासोनं चित्रात वेताच्या विणीची छपाई असलेलं ऑइलक्लॉथ लावलं आणि कडेनं दोर गुंडाळला. त्याच वर्षी त्याचा सहकारी चित्रकार ब्राकनं लाकडाच्या रेषांची छपाई असलेला भिंतीचा कागद चित्रात चिकटवला. दोघांनीही हाताशी असलेली रोजची वस्तू उचलली. आपल्या हाताशी काय आहे ते लिहितो, आणि त्यात काय बिघडतं तेही.

गव्हांडा (गव्हाचं काड): धानाच्या तणसापेक्षा रुंद आणि चकचकीत, म्हणून माझं नाव ‘तणस’ असलं तरी शिफारस गव्हांड्याची. पेरांमधला भाग कापा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ब्लेडनं लांबीत चिरा, उघडून वर कागद ठेवून मंद इस्त्री फिरवा. सपाट सोनेरी पट्टी मिळते. हिची गंमत अशी की पट्ट्या उभ्या लावल्या आणि शेजारी आडव्या लावल्या तर एकाच रंगाच्या असूनही दोन छटा दिसतात, कारण उजेड वेगवेगळ्या दिशेनं परततो. छटा समजावून द्यायला याच्याइतकं सोपं साहित्य मला माहीत नाही.

पळस: पत्रावळीची पानं घ्या, ती आधीच वाळलेली आणि चिवट असतात. ताजी पानं हवी असतील तर वर्तमानपत्रात ठेवून वर विटा, पहिले चार दिवस रोज कागद बदलायचा, एकूण आठ-दहा दिवस. कागद बदलला नाही की ओल आतच राहते आणि काळे डाग पडतात. पळसाच्या फुलांवर मात्र विसंबू नका. केशरी रंग वाळल्यावर तपकिरी होतो.

तेंदू: मे महिन्यात कडकडीत वाळलेलं पान कापताना तुटतं. बिडी वळणारे पान आधी ओलसर करतात, तसंच करा: ओल्या फडक्यात अर्धा तास, मग कात्री. चिकटवताना पान ओलसरच असू द्या, पण वर वजन ठेवून वाळू द्या.

कोसा (टसर रेशमाचा कोश): भंडारा, आरमोरीकडे फुटके कोसे मिळाले तर उत्तम. गरम पाण्यात नरम करून, एका बाजूनं चिरून, दाबून सपाट करा. कागदाशेजारी कोशाचा पोत ठेवला की पोतातला विरोध सांगावाच लागत नाही.

कापूस: मोकळा फुलवून चिकटवला की वर्षभरात धूळ खाऊन करडा होतो. पातळ थर पसरून, पाणी घातलेला फेविकॉल लावलेल्या जागेवर दाबा, वर प्लॅस्टिक ठेवून वजन. मग तो नमद्यासारखा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा, बसतो. बोंडाची टरफलं जाड असतात, त्यांना खोलगट चौकट लागते.

काळी माती: वस्त्रगाळ करून फेविकॉल आणि पाण्यात कालवून लावता येते. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून थर जाड झाला की शेतासारख्याच भेगा पडतात. भेगा हव्या असतील तर २-३ मिलिमीटरचा थर द्या आणि सावलीत वाळवा. नको असतील तर मातीइतकीच बारीक रेती मिसळा आणि थर पातळ ठेवा.

दाणे (तूर, सोयाबीन, ज्वारी) चिकटवू नका असं सांगेन. सोंडे लागतात, उंदीर येतात. अगदीच लावायचे तर कढईत कोरडे भाजून, पूर्ण गार करून.

एक गोष्ट ठामपणे: बियाण्याची आतली पाकिटं आणि कीटकनाशकाची लेबलं, डबे घेऊ नका. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, त्याची पूड हाताला लागते. दिसायला रंगीत आहेत म्हणून मुलांच्या हाती देणं धोक्याचं आहे.

सरकी

मी चिकटवाले मैद्याची खळ केली, पण दुसऱ्याच दिवशी आंबट वास येते. काहून? अन् गाठी पडतेत त्या कशा टाळाच्या? आमच्याइकडं मोरचूद टाकतेत, पण पोरं हात लावतेत म्हणून भेव वाटते. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) विषयावर कोलाज करून राह्यलो, त्याले बोंडं चिकटवाची हायेत.

काळीमाती

@सरकी दादा, तिन्ही गोष्टी सांगते.

गाठी: पीठ थेट गरम पाण्यात पडलं की बाहेरचा थर क्षणात शिजतो आणि आत कोरडं पीठ कोंडलं जातं, तीच गाठ. म्हणून मैदा ३० ग्रॅम (सपाट भरलेले चार मोठे चमचे) आधी ५० मिली गार पाण्यात ताकासारखा कालवा. दुसरीकडे १०० मिली पाणी उकळा. उकळतं पाणी धारेनं कालवणात ओता, सतत ढवळत, आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. पांढरट रंग जाऊन ते काचेसारखं अर्धपारदर्शक झालं आणि चमच्यावर थर धरू लागलं की उतरवा. गार झाल्यावर पातळ फडक्यातून गाळा. हे ११ × १५ च्या तीन-चार कोलाजांना पुरतं.

आंबणं: खळ म्हणजे शिजवलेलं अन्नच आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात ती एका दिवसात जाते. रोज लागेल तेवढीच करा. फ्रीजमध्ये तीन दिवस राहते. आंबलेली खळ वापरली तर कागदावर पुढे बुरशीचे ठिपके येतात. लवंगतेलाचे चार-पाच थेंब घातले तर बुरशी लांबते.

मोरचूद: तुमची भीती रास्त आहे. ते विषारी आहे, मुलांच्या कामात नकोच, शिवाय फिकट कागदावर निळसर डाग उठतो. तुरटीही पुष्कळ जण टाकतात. तुरटी आम्लधर्मी आहे, तिनं काही वर्षांत कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. दोन्ही टाळा.

बोंडांना खळ धरणार नाही. कागदाला खळ, पान-काडी-कापड यांना फेविकॉल, आणि बोंडासारख्या जड वस्तूला दाट फेविकॉल अधिक दोऱ्याचा एक टाका. पुठ्ठ्याला दाभणानं दोन भोकं पाडा, देठाभोवतून दोरा मागे घ्या, गाठ मारा. नुसत्या गोंदावर टांगलेलं बोंड उन्हाळ्यात गळून पडतं, कारण टरफल आकसतं आणि वाळलेला गोंद त्याच्याबरोबर आकसत नाही.

प्लॅस्टिकचं काही लावणार असाल (खताच्या चुंगडीचा, म्हणजे पोत्याचा, तुकडा वगैरे) तर फेविकॉल उपयोगाचा नाही. त्यातलं पाणी शोषलं जायला हवं, तरच तो धरतो. प्लॅस्टिक पाणी पीत नाही. तिथे सुई-दोरा.

धुऱ्यावरची बोर

कागदपत्रं आणि फोटोंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जुना फोटो कधीही मूळ वापरू नये. झेरॉक्स काढा, तीही लेझर मशीनची. इंकजेटच्या छापावर ओला गोंद लागला की शाई पसरते, चेहरा निळा-जांभळा होतो. लेझरची शाई वितळवून बसवलेली असते, पाण्यानं हलत नाही. एकाच फोटोच्या तीन प्रती घ्या: साधी, फिकट, आणि दुप्पट मोठी. मोठी केलेली प्रत दाणेदार होते, तो पोत चांगला लागतो. प्रमाण शिकायचं असेल तर याहून सरळ वाट नाही: आजीचा हात घराएवढा मोठा, घर आगपेटीएवढं.

एसटीचं हल्लीचं मशीनचं तिकीट, एटीएमची चिठ्ठी, पेट्रोल पंपाची पावती, हे सगळं थर्मल कागदावर असतं. जास्त उष्णता लागली तर काळं पडतं, ठेवलं तर अक्षरं उडतात. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सनं ट्रामची तिकिटं चिकटवून कोलाजं केली, पण ती साध्या छपाईची होती. आपल्या तिकिटाची झेरॉक्सच लावावी. कापसाच्या वजनाची काटा पावती कार्बनची असेल तर ती टिकते; तरी मूळ पावती हिशेबाला लागते, प्रत काढा. पावतीवर नाव, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक असेल तर तो भाग फाडून टाका किंवा दुसऱ्या तुकड्याखाली घ्या.

लग्नपत्रिका, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची उरलेली पोस्टरं, कॅलेंडरं, हे रंगाला भरपूर. पण उन्हात छापील रंगांतला गुलाबी आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. बसथांब्यावरच्या जुन्या पोस्टरमधली सगळी माणसं निळी दिसतात ती त्यामुळेच. समोरच्या भिंतीवर ऊन येत असेल तिथे कोलाज टांगू नका. पतंगी कागद आणि क्रेपचा रंग तर ओल लागताच सुटतो. शेजारचा पांढरा तुकडाही रंगतो. वापरायचाच असेल तर काडीच्या गोंदानं (ग्लू स्टिक), पाणी अजिबात न घेता.

कातरण, एक विचारायचं होतं. स्वतःचा चेहरा अजिबात घ्यायचा नाही असं तुमचं म्हणणं आहे का? मला ते जरा कडक वाटतं. मुलांना स्वतःला बघायचं असतं.

कातरण

@धुऱ्यावरची बोर, चेहरा घ्यायला हरकत नाही, तो मधोमध पूर्ण ठेवायला हरकत आहे. माणसाचा डोळा चित्रात सर्वांत आधी चेहरा शोधतो, त्यातही समोर बघणारे डोळे. अखंड चेहरा मध्ये आला की बाकी सगळं सजावट होऊन बसतं. तुम्ही गव्हांड्याच्या पट्ट्या कितीही मेहनतीनं लावा, कोणी बघत नाही. तीन उपाय आहेत. चेहऱ्याचा एकच भाग घ्यायचा: कान, हनुवटी, एक डोळा. किंवा चेहऱ्याच्या २ सेंमी रुंद उभ्या पट्ट्या कापून मध्ये अर्धा-अर्धा सेंमी जागा सोडून लावायच्या. चेहरा ओळखू येतो पण मागचं चित्र त्यातून दिसत राहतं, आणि लयही येते. किंवा चेहऱ्याची फक्त कड फाडून घ्यायची आणि आत शेतातलं काहीतरी. मुलं तिसऱ्यात फार रमतात.

फाडण्यावर थोडं, कारण कड ही कोलाजमधली रेषा आहे. कात्रीची कड धारदार, ती पुढे येते. फाटकी कड मऊ, ती मागे जाते. म्हणून दूरचं फाडा, जवळचं कापा. कॅलेंडरचा जाड गुळगुळीत कागद फाडला की पांढरी किनार दिसते. ती कुठे यावी हे आपल्या हातात आहे. छापील बाजू वर ठेवून डाव्या हातानं कागद दाबून धरा आणि उजवा तुकडा वर, स्वतःकडे ओढत फाडा. डाव्या तुकड्याला पांढरी किनार राहते, उजव्याचा रंग कडेपर्यंत जातो. पांढरी किनार नदीला, ढगाला, धुक्याला चांगली. चेहऱ्याला, झाडाच्या बुंध्याला नको.

वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वाकडंतिकडं जातं. कागदातले तंतू यंत्रावर एका दिशेनं बसतात, त्या दिशेनं फाडलं की सरळ जातं. डोंगराची ओबडधोबड कड हवी असेल तर आडवं फाडा, शेताच्या धुऱ्याला (बांधाला) उभं.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींनी दृष्टी पूर्ण गेल्यावर कागद कापून कोलाजं केली. त्यांची आठवण मी एका कारणासाठी देतो: मांडणी झाली की डोळे मिटून बोटं फिरवा. पोत हा विषय घेतला असेल आणि बोटांना सगळीकडे एकसारखंच लागत असेल, तर पोत फक्त छपाईत आहे.

मोहफूल

डोळे मिटून बघण्याला +१. मुलांकडून एकमेकांची कोलाजं अशी ‘वाचून’ घ्यावीत.

काळीमाती

आता जे सगळ्यांचं बिघडतं ते: वाळल्यावर कोलाज पापडासारखं वळतं.

कारण साधं आहे. ओला कागद पसरतो, वाळताना आकसतो. एकाच बाजूला कागद लावला की तो वाळताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय म्हणजे पाठीलाही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच खळीनं, त्याच दिवशी लावायचा, तंतूंची दिशा पुढच्यासारखीच. दिशा ओळखायला त्या कागदाच्या १ × १० सेंमीच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी एक आडवी, टोकाला धरा. जी जास्त लवते तिच्यात तंतू पट्टीला आडवे आहेत.

पृष्ठभाग सुरकुततो त्याचं कारण वेगळं: घाई. खळ लावल्यावर लगेच चिकटवलेला कागद पुठ्ठ्यावर गेल्यानंतर पसरत राहतो आणि जागा न मिळाल्यानं फुगे येतात. खळ लावून एक-दोन मिनिटं थांबा, कागद आधी आडवातिडवा होईल, मग सैल पडेल, तेव्हा ठेवा. वर कोरा कागद ठेवून मधून कडेकडे चमच्याच्या पाठीनं घासत न्या. पतंगी किंवा टिश्यू कागदाला हे लागू नाही, तो थांबलात तर फाटतो. त्याला खळ पायावर लावून कोरडा कागद वर टेकवायचा.

पाया म्हणून खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घेतला तर वाळल्यावर पन्हळी वर उमटतात. दोन तुकडे पन्हळी एकमेकांना आडव्या येतील असे चिकटवा, दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्राचे दोन-दोन थर द्या. वेगळे पैसे खर्च न करता बऱ्यापैकी सपाट पाया मिळतो.

वाळवणं सावलीत, वजनाखाली, २४ तास. वर-खाली प्लॅस्टिक, मग फळी, मग पाटा किंवा धान्याची चुंगडी. एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर ठेवलं तर वरचा थर आधी वाळून कडा उचलतात. पावसाळ्यात उलट; टिनाखालच्या खोलीत दोन दिवसांनीही ओल असते, तेव्हा प्लॅस्टिकच्या जागी कोरडा कागद ठेवून तो दर सहा-आठ तासांनी बदलायचा. उंच थराच्या (बोंडं, काड्या) कामावर वजन ठेवता येत नाही. त्याच्या फक्त चार कडांवर विटा.

उधई (वाळवी) लागणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खळ तिला आवडते. टांगताना मागे दोन बाटलीची बुचं चिकटवली की भिंतीपासून अंतर राहतं आणि हवा खेळते.

तणस

तिसांच्या वर्गासाठी हिशेब कोणी द्याल का? ३५ मिनिटांची तासिका, बाजारातून आणायला फारसं काही नाही.

काळीमाती

खळीला मैदा पाव किलो, पाणी सव्वा लिटर. प्रत्येकी जवळपास ५० ग्रॅम येते, पुरते. फेविकॉल अर्धा किलो, फक्त पान-कापडासाठी, तो वाटून न देता शिक्षकांकडे एका डब्यात. कात्र्या दहा बस, कारण दोन तासिका फाडण्याच्याच असाव्यात. पायाला मुलांनी जुन्या वह्यांचे पुठ्ठे दोन जोडून आणावेत.

एका तासिकेत कोलाज होत नाही. चार घ्या: पहिलीत वर्तमानपत्राच्या सात पायऱ्या, दुसरीत छोटी कच्ची चित्रं, तिसरीत मांडणी आणि फोटो, चौथीत चिकटवणं. तिसरीनंतर तुकडे हरवतात; प्रत्येकाचे तुकडे लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून वर नाव. ब्लेड मुलांच्या हाती नको, गव्हांडा शिक्षकांनी आधी चिरून आणावा.

सरकी

काळीमाती ताई, खळ जमली. गाठ एकबी नाही. कच्ची मांडणी करून फोटू टाकला हाये, अजून चिकटवलं नाही. विषय वेचणी, तत्त्व लय. खाली काळी माती, तिच्यावर बोंडायच्या पाच ओळी, सारख्या अंतरावर. मागं काटा पावत्यायची झेरॉक्स. उजव्या कोपऱ्यात पेपरातला लाल मथळा, कापसाच्या भावाचा. काही तरी अडून राह्यलं, काय ते समजत नाही.

कातरण

सरकी दादा, बरं झालं चिकटवायच्या आधी टाकलंत. मागे काटा पावत्या घेतल्या हे फार चांगलं झालं. त्या आकड्यांतच वेचणीचं सगळं आलं आणि दुरून त्या एकसारखा करडा पोत देतात. त्यांना हात लावू नका.

अडतंय ते दोन ठिकाणी. पाचही ओळींतलं अंतर सारखं, बोंडंही सारखी. ही पुनरावृत्ती झाली. लयीसाठी त्यात बदल हवा. सर्वांत खालच्या दोन ओळींत ४ सेंमी, मग ३, मग २, वरच्या दोन ओळींत दीड, असं अंतर कमी करत जा. बोंडंही खाली मोठी, वर लहान; सर्वांत वरच्या ओळीत बोंड नकोच, कापसाचे नुसते ठिपके दाबा. वावर लांब गेलेलं दिसेल. आणि एका ओळीत मध्येच एक जागा रिकामी सोडा, वेचून झालेलं झाड. लय तिथे मोडते म्हणून बाकीची ऐकू येते.

दुसरं, लाल मथळा. चित्रात लाल तेवढाच आहे आणि वर अक्षरं मोठी, त्यामुळे डोळा सरळ तिथे जातो आणि कोपऱ्यातून बाहेर पडतो. तो काढायचा नसेल तर हातानं फाडून तिसरा हिस्सा ठेवा, कोपऱ्यातून ५-६ सेंमी आत घ्या आणि अर्धा पावतीखाली सरकवा. नुसता ‘भा’ दिसला तरी पुरे.

मोहफूल

मातीचा पट्टा फोटोत फारच सरळ कापलेला दिसतोय. वरची कड बोटानं ओबडधोबड करा, पावत्यांवर थोडी चढू द्या. आणि फिल्टर लावून बघा, माती आणि बोंडाची टरफलं एकाच छटेची वाटतात. टरफलांखाली पातळ कापूस पसरला तर ती सुटी दिसतील.

काळीमाती

क्रम असा ठेवा: आधी पावत्या खळीनं, त्याच वेळी पाठीला कागद, २४ तास वजनाखाली. मग माती, ती पूर्ण वाळू द्या. बोंडांची भोकं मातीच्या आधी पाडून ठेवा आणि त्यात आगपेटीच्या काड्या खोचा. वाळलेल्या मातीतून दाभण घातलं तर पापुद्रे निघतात. बोंडं सर्वांत शेवटी.

सरकी

काड्या खोचल्या. पावत्या अन् पाठीचा कागद आज रात्री लावतो, माती परवा. रिकामं झाड तिसऱ्या ओळीत घेतलं, तिथं जास्त बरं दिसते. चिकटवल्यावर फोटू टाकतो.